घरघर थांबली म्हणजे रोग गेला का?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या परसात १७ कोंबड्या आणि २ कोंबडे आहेत. बहुतेक गावरान, काही गिरिराज या सुधारित जातीच्या. दिवाळीनंतर त्यांनी आठवडी बाजारातून कडकनाथाची एक जोडी आणली आणि त्याच दिवशी सगळ्यांत सोडली. तीन आठवड्यांनी रात्री खुराड्यातून घरघर ऐकू यायला लागली. कुणाच्या नाकाला पाणी, कुणाच्या डोळ्यात फेस. मेडिकलमधून आणलेल्या ॲमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल पाण्यात फोडून दिल्या, आठवड्यात आराम पडला. थंडी वाढली तसं पुन्हा तेच. पुन्हा कॅप्सूल, पुन्हा आराम, आणि आता तिसरी खेप. आतापर्यंत एक तलंग (नुकतीच अंड्यावर येणारी कोंबडी) मेली, अंडी निम्म्यावर आली. मुलीच्या लाडक्या तुरेवालीचा एक डोळा सुजून बंद झाला आहे. सासूबाई म्हणतात, "वारं लागलंय, खुराडं झाकून घे अन् लिंबाच्या पाल्याची धुरी दे." नवरा म्हणतो, बऱ्या दिसतायत तोवर बाजारात काढू, एकेकीचे साडेचारशे येतील. जाऊबाईंच्या कोंबड्या त्याच उकिरड्यावर चरतात, पण त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. "सांगितलं तर बर्ड फ्लूची बोंब होईल, मुरुंब्यात झालं तसं गावातल्या सगळ्या कोंबड्या मारतील अन् नाव माझं निघेल. कोणतं औषध देऊ तेवढं सांगा," असं त्या लिहितात.

ताई, रात्री खुराड्यापाशी उभं राहून तुम्ही ती घरघर ऐकलीत, ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. कोंबडी दिवसा आजार लपवते. दाणे टाकले की आजारी कोंबडीही चार पावलं धावते, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. अंधार पडून सगळ्या दांडीवर बसल्या की श्वासाचा खरा आवाज कळतो. कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकानं आठवड्यातून एकदा तरी दिवा न लावता पाच मिनिटं असं उभं राहावं.

औषधाचं विचारलंत, पण आधी कॅप्सूलचं बोलू. कॅप्सूल दिली आणि कोंबड्या बऱ्या झाल्या, म्हणून कॅप्सूलनंच बऱ्या झाल्या असं तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे हळूहळू पसरणं, डोळ्यात फेस, रात्रीची घरघर, अंडी घटणं, मर कमी आणि थंडीत पुन्हा उलटणं, बहुतांशी एकाच आजाराकडे बोट दाखवतात. डॉक्टर त्याला सीआरडी म्हणतात, म्हणजे श्वसनाचा जुनाट आजार. तो मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम नावाच्या जंतूमुळे होतो, आणि या जंतूला पेशीभित्तीच नसते. ॲमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन काम करतं ते जंतूची ही भिंत पाडून. जिथं भिंतच नाही तिथं ते काय पाडणार? तुमच्या कोंबड्या बहुधा आपोआपच सावरल्या. हा आजार असाच वर-खाली होत राहतो. कॅप्सूलनं बरोबर आलेल्या एखाद्या दुसऱ्या जंतूला थोडा आळा बसला असेल, इतकंच.

यात तुमचा दोष काढत नाही. गावात जनावरांचे डॉक्टर गाय-म्हशीसाठी येतात, कोंबडीसाठी कोण बोलावतं? मग मेडिकलवालाच डॉक्टर होतो. पण माणसांची प्रतिजैविकं अंदाजानं पाण्यात टाकत राहिलो तर जंतू त्यांना सरावतात आणि उद्या आपल्याच लेकरांना ती लागू पडत नाहीत. याच काळजीपोटी कोलिस्टिन हे औषध पशुपक्ष्यांना द्यायला केंद्र सरकारनं २०१९ मध्ये बंदी घातली.

सीआरडीवर चालणारी औषधं आहेत. टायलोसिन आहे, डॉक्सिसायक्लिन आहे. मात्रा मी इथं मुद्दाम लिहीत नाही, ती डॉक्टरांनी कोंबड्यांचं वजन आणि पाणी पिण्याचं प्रमाण पाहून ठरवायची. एक गोष्ट मात्र त्यांना आवर्जून सांगा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्यात चुनखडी असते, आणि डॉक्सिसायक्लिनच्या गटातली औषधं कॅल्शियमला चिकटून वाया जातात. औषधाच्या दिवसांत शिंपल्याचा चुरा आणि चुन्याचं पाणी बंद ठेवा, आणि औषध शक्यतो पावसाच्या साठवलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्यात द्या. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ती अंडी खाऊ नका, विकूही नका.

आता जे कोणी दुकानदार सांगणार नाही ते सांगते. योग्य औषध योग्य मात्रेत दिलं तरी लक्षणं जातील, जंतू जाणार नाही. मायकोप्लाझ्मा लागलेली कोंबडी बरी दिसली तरी बहुधा जन्मभर तो अंगात बाळगते. थंडी, जागा बदलणं, अंड्यांचा भर, लसीचा ताण, असं काही झालं की तो पुन्हा डोकं वर काढतो. आणि तो अंड्यातूनही उतरतो. याच कोंबड्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवून नवी पिलं काढली तर त्यातली काही अंड्यातूनच आजार घेऊन बाहेर येतील. म्हणून औषधाच्या नावापेक्षा मोठा प्रश्न असा आहे, की हा कळप आता तुम्ही कसा ठेवणार?

त्याआधी निदानाचं. पत्रावरून मी खात्री देऊ शकत नाही. तुरेवालीला हातात घ्या, चोचीजवळ नाक नेऊन वास घ्या. कुजकट घाण वास असेल, तोंडाची एक बाजू फुगली असेल आणि दोन-तीन दिवसांत एकीपासून दुसरीला लागत गेलं असेल, तर तो कोरायझा असू शकतो. तो वेगळ्या जंतूचा, त्याचं औषध वेगळं, आणि त्यातूनही वाचलेल्या कोंबड्या रोग बाळगून राहतात. चोच उघडून आत पाहा. घशात पिवळट खपल्या दिसल्या आणि तुऱ्यावर फोड असतील तर डास चावून पसरणारा देवीचा रोग. फोड नसतील, घशात नुसते पांढरे बारीक दाणे असतील, तर अ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते. हे आपल्याकडे लक्षातच घेतलं जात नाही. आपण कोंबड्यांना ज्वारी टाकतो, आणि पांढऱ्या ज्वारीत अ जीवनसत्त्व तयार होण्यासारखं जवळजवळ काही नसतं. नाका-घशाचं अस्तर कमजोर पडलं की कोणताही जंतू सहज शिरतो. पिवळ्या मक्याचा भरडा, शेवग्याचा पाला, लसूणघास, यातलं काहीतरी रोज द्या. शेवगा दारात असेल तर खर्चही नाही.

हेच पत्र एप्रिलमध्ये आलं असतं तर मी आधी खुराड्याच्या पत्र्याचं विचारलं असतं. दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकणारी कोंबडी बहुधा उन्हानं तापलेली असते. पहाटेच्या गारव्यात धापा टाकणारी आजारी.

मुरुंब्याची तुमची भीती मला कळते. जानेवारी २०२१ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात मुरुंबा गावी काही दिवसांत शेकडो कोंबड्या मेल्या, भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं आणि आजूबाजूच्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ते ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. पण तिथं काय झालं होतं ते आठवा. दोन-तीन दिवसांत मुडद्यांचा ढीग. बर्ड फ्लूत काल दाणे टिपणाऱ्या कोंबड्या आज मरून पडतात, तुरा आणि गळ्याखालची लोळी निळीजांभळी पडते, डोकं सुजतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, तीही झपाट्यानंच येते. हिरवी पातळ विष्ठा, पंख आणि पाय लुळे, मान पिळवटलेली, आणि लस नसेल तर अख्खं अंगण रिकामं. तुमच्याकडे दीड-दोन महिन्यांत एक तलंग गेली आहे. याचा वेग त्या दोन्ही रोगांचा नाही. निदान करताना लक्षणांइतकाच मी मरीचा वेग विचारते, आणि तुम्हीही वहीत तारखा लिहून ठेवा.

तरीही, कधी एक-दोन दिवसांत पाच-सहा कोंबड्या एकदम गेल्या, किंवा गावात कावळे मरून पडायला लागले, तर लपवू नका. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नका, पिशवीत घालून कुठं नेऊ नका, १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करा किंवा पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलवा. सरकार ज्या कोंबड्या मारतं त्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लपवण्यानं नुकसानच होतं, आणि बर्ड फ्लू माणसालाही लागू शकतो. सीआरडी आणि कोरायझा मात्र माणसाला लागत नाहीत. मुलगी तुरेवालीला मांडीवर घेते म्हणून घाबरू नका, हात धुवायला लावा.

सासूबाई म्हणतात वारं लागलंय. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. थंडीच्या ताणानं हा आजार उलटतो हे खरंच आहे, आणि अनेक थंड्या पाहिलेल्या बाईचं निरीक्षण त्यामागे आहे. फक्त उपाय उलटा पडतो. खुराडं पोत्यानं आणि प्लास्टिकनं चहूबाजूंनी बंद केलं की विष्ठेतून निघणारा अमोनिया आतच कोंडतो. कोंबडीच्या श्वासनळीत बारीक लव असते. ती कचरा आणि जंतू सतत वर ढकलत असते. अमोनियानं ती लव लुळी पडते, मग जंतूंना रान मोकळं. त्यावर लिंबाच्या पाल्याची धुरी दिली तर आधीच सुजलेल्या श्वासनळीवर धूर बसतो. सासूबाईंना मान देऊन असं करा: दांडीच्या उंचीपर्यंत तिन्ही बाजूंनी पोती लावा, म्हणजे अंगावर थेट वारं येणार नाही, आणि वरचा वीतभर भाग जाळी लावून उघडा ठेवा. कोरड्या पिसांच्या कोंबडीला परभणीची थंडी सोसते, कोंदटपणा सोसत नाही. सकाळी दार उघडल्यावर खाली बसून, कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर बिछाना ओला आहे, त्याच दिवशी बदला. सोयाबीनचा भुसा किंवा शेंगांची टरफलं घालत असाल तर बुरशी आलेली अजिबात नको. त्या बुरशीनं पिलांची फुफ्फुसं भरतात आणि त्यावर नीटसं औषध नाही. हळद-लसूण द्यायचं असेल तर दाण्यात कालवून द्या, अपाय नाही. पण चोच उघडून काढा किंवा तेल ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, घोट चुकून तिकडे गेला की कोंबडी गुदमरते.

आता विकण्याचं. ताई, यावर मी मवाळ बोलू शकत नाही. या कोंबड्या बाजारात नेऊ नका. नवऱ्याचा हिशेब मला दिसतो. १५-१६ कोंबड्यांचे सात हजार रुपये कुठल्याही घरात मोठेच असतात. पण तुमच्याकडे हे आलं कुठून? ती कडकनाथाची जोडीही कुणीतरी "बऱ्या दिसतायत तोवर" काढली असावी, आणि साडेचारशे देऊन तुमच्यासारखीच कुणीतरी तुमची कोंबडी घेईल. बाजारात कोंबडी बहुतेक वेळा खायला जाते असं आपण मनाला सांगतो, पण अंड्यावरची तलंग कुणी कापत नाही, ती दुसऱ्याच्या परसात जाते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या कळपात अशीच घरघर येऊन गेली होती. सगळं शांत झाल्यावर मी एक चांगली खुडूक कोंबडी बहिणीला दिली. महिन्याभरात तिच्या ११ कोंबड्या घोरायला लागल्या, चार गेल्या. तिनं मला कधी बोल लावला नाही. उलट पुढच्या वेळी मी तिच्याकडे गेले तेव्हा त्याच कोंबडीच्या अंड्यांचा रस्सा करून वाढला. मला तो घास उतरला नाही. तेव्हा ठाऊक नव्हतं, ही माझी सबब होती. तुम्हाला आता ठाऊक आहे.

मग रस्ते दोन राहतात. पहिला, कळप बंद करणं. म्हणजे आहेत त्या कोंबड्या ठेवायच्या, औषध आणि खुराडं सुधारून त्यांना सावरायचं, पण नवी कोंबडी आत नाही आणि इथली जिवंत कोंबडी बाहेर नाही. अंडी खायला विकता येतील. गिऱ्हाईक मात्र पुष्कळदा गावरान अंडी बसवायला नेतं, म्हणून विकताना स्पष्ट सांगा की ही खायची आहेत, बसवायची नाहीत. म्हाताऱ्या होत जातील तशा, औषधाचे दिवस सरल्यावर आणि अंगानं नीट असलेल्या, घरीच खाता येतील. घरघर चालू असलेली किंवा सुजलेली कोंबडी मात्र नको.

दुसरा रस्ता, सगळं संपवून नव्यानं सुरुवात. मन घट्ट करावं लागतं, पण याला एक आधार आहे. मायकोप्लाझ्मा काय आणि कोरायझाचा जंतू काय, कोंबडीच्या अंगाबाहेर फार टिकत नाही, दिवसांची बाब असते. खुराडं खरवडून, आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन, मग चुना मारून महिनाभर उन्हात उघडं टाकलं, तर नवी पिलं स्वच्छ जागेत येतील. पिलं खात्रीच्या उबवणी केंद्रातून, लस झालेली घ्या. मोटारसायकलवर रंगवलेली पिलं विकणाऱ्याकडून नकोत.

तुमच्या जागी मी असते तर या वर्षी पहिला रस्ता धरला असता आणि दुसऱ्याची तयारी पुढच्या मार्च-एप्रिलसाठी ठेवली असती. तेव्हा कोंबड्या जुन्या झालेल्या असतील, ऊन कडक असेल, आणि मुलीलाही वेळ मिळालेला असेल. पण परसात दोन-चारच कोंबड्या असतील आणि त्याही जुन्या, तर दुसरा रस्ता लगेच धरणं सोपं. ५० पेक्षा जास्त असतील आणि पिलं विकण्याचा धंदा असेल, तर आधी तपासणीच करून घ्या, अंदाजावर एक पाऊलही नको. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एकदम मर लागलेली नसेल तर एखादी आजारी जिवंत कोंबडी, किंवा नुकतीच मेलेली कोंबडी दुहेरी पिशवीत बर्फाबरोबर, त्याच दिवशी तिकडे नेता येते. गोठवू नका, गोठवलेल्या मांसातून नीट काही दिसत नाही.

पुढे कधीही नवा पक्षी आणला तर महिनाभर वेगळा. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळं भांडं, वेगळी चप्पल, आणि दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्याला. मायकोप्लाझ्मा बाळगणारी कोंबडी महिनाभर ठणठणीतही दिसू शकते, म्हणून शेवटचे दोन-तीन आठवडे आपली एखादी कोंबडी तिच्यासोबत ठेवून पाहायची. ती घोरली तर बाकीच्या तरी वाचतात.

राहिल्या जाऊबाई. आजच सांगा. एकाच उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबड्यांना बहुधा लागण झालीच असेल, आणि नसेल तर तुमच्या एका शब्दानं वाचतील. "बर्ड फ्लू" हा शब्द येऊच देऊ नका. "माझ्या कोंबड्यांना जुनाट सर्दी आहे, बाजारातून आली, तुझ्या चार दिवस वेगळ्या बांध," एवढं पुरे. आणि त्यांना सोबत घ्यायचं एक चांगलं निमित्त आहे. मानमोडीची लस कधी दिली होती, ते तुमच्या पत्रात नाही. लासोटा या मानमोडीच्या लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, आणि एकदा मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. १७ कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून गल्लीतल्या पाच-सात घरांनी मिळून एक दिवस ठरवायचा. पहाटे कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या आणि सगळ्यांच्या डोळ्यात एकेक थेंब. पाण्यातून देणार असाल तर ग्रामपंचायतीच्या टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या नळाच्या पाण्यातून नको, क्लोरीननं लस मरते. मोठ्या कोंबड्यांना लासोटा की आर टू बी ही दुसरी लस, ते डॉक्टर सांगतील. मात्र तुमच्या कोंबड्यांची घरघर शमेपर्यंत थांबा, आजारी श्वासनळीवर जिवंत लस दिली तर त्रास वाढतो. मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकायची नाही, हेही त्याच दिवशी सगळ्यांशी बोला. हातभर खोल खड्डा, वर चुना, नाहीतर कुत्री रात्रीतून उकरतात.

आणि तुरेवाली. तिला आज रात्रीच वेगळ्या डालग्याखाली ठेवा, खाली कोरडा भुसा, वरून पोतं, एक बाजू उघडी. उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून कापसानं डोळा दिवसातून दोनदा पुसा, आत पिवळा गोळा दिसला तर नखानं काढू नका, ते डॉक्टरांचं काम. डोळा बंद असला की तिला दाणा दिसत नाही, आणि अशा कोंबड्या बऱ्याचदा उपासमारीनंच जातात, म्हणून भरडा भिजवून चोचीसमोर धरा. हे काम मुलीला द्या. दोन दिवस तुरेवालीनं काहीच खाल्लं नाही आणि मान लांब करून श्वास ओढत राहिली, तर तिला आणखी ओढत ठेवू नका, डॉक्टरांना सांगून सोडवा. मुलीपासून ते लपवू नका. खड्डा कुठं खणायचा ते तिला ठरवू द्या.